पंधरावा सोमवार

आमच्या गावात तत्त्वज्ञान शिकलेला पहिला माणूस म्हणजे माझा धाकटा दीर हरिश्चंद्र. त्याच्यानंतर कोणी ते शिकायला गेला नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याची आई नुकतीच वारलेली. माझ्या हातची पेज पिऊन तो वाढला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे दीर म्हणा, मूल म्हणा, तोच. आमचे हे मुंबईला गोदीत कारकून. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येत. ह्यांनीच हरीला मॅट्रिकनंतर मुंबईला नेलं, खोलीत ठेवलं, कॉलेजात घातलं. बी.कॉम. कर म्हणाले होते. त्याने तत्त्वज्ञान घेतलं. ह्यांना दोन वर्षांनी कळलं, तोवर बोलण्यात अर्थ उरला नव्हता. अठ्ठावन्न साली तो एम.ए. झाला, सहा महिने मुंबईत नोकरी शोधली आणि पुस्तकांची एक ट्रंक घेऊन घरी आला.

मसुऱ्याकडून आमच्या गावात यायचं तर तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडावी लागते. त्या दिवशी मी त्याला आणायला पलीकडे गेले होते. तरीवरच्या परशुरामाने ट्रंक उचलून होडीत ठेवली आणि विचारलं, "हरी, डाक्टर झालो तर ताप बघता. वकील झालो तर कज्जो बघता. तू काय बघतलस?"

"माणूस विचार कसो करता, ता बघतंय."

"कोणतो माणूस?"

"कोणतोय."

"मगे आधी माझी बायल बघ. ती काय विचार करता, माका वीस वर्सां कळाक नाय."

तरीतली माणसं हसली. हरीही हसला. त्या वर्षी तो अजून हसत होता.

नोकरीसाठी त्याने काय केलं नाही? मालवणच्या शाळेत गेला, तर म्हणाले आधी बी.टी. करून या. मुंबईच्या कचेऱ्यांना टायपिंग हवं होतं. वकिलीला आणखी तीन वर्षं लागणार होती, आणि ह्यांच्या पगारात ती बसणारी नव्हती. दिल्लीच्या मोठ्या परीक्षेला बसला. तत्त्वज्ञानाच्या पेपरात उत्तम, बाकीत राहिला. एका मठाकडून बोलावणं आलं, स्वामींची प्रवचनं लिहून द्यायला. मला ते फार आवडलं होतं. तो दोन दिवस राहून परत आला. "थंय सगळी उत्तरांच आसत, वैनी," म्हणाला. "प्रश्न कोणाक नको आसत." राहता राहिलं कॉलेज. एका कॉलेजात तत्त्वज्ञानाचा एकच प्राध्यापक असतो, आणि तो निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याला जागा नसते.

मॅन्युएल मास्तर मालवणला इंग्रजी शिकवीत. हरीचे ते शाळेतले गुरुजी. रविवारी मिस्सा आटोपली की कधी कधी सायकलने खाडीपर्यंत येत आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून आणत.

"आमच्यात तत्त्वज्ञान शिकलो की पाद्री होता," एकदा आमच्या ओटीवर चहा पिता पिता ते म्हणाले. "माझो भाव एडवर्ड बघ. सेमिनारीत तीन वर्सां तत्त्वज्ञान, चार वर्सां देवाचा शास्त्र. आता झगो घालून मिस्सा सांगता. वाट सरळ आसा. तुमच्यात काय होता?"

"आमच्यात अर्जदार होता, सर," हरी म्हणाला.

मास्तर हसून हसून खोकले. मी आत देवापुढे वात सारखी करत होते. मलाही हसू आलं.

त्यानंतर आठवड्याभरात भाई आमच्याकडे आले.

भाई म्हणजे गावचे पहिले मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्या गावात कुठलीही गोष्ट रवळनाथाला विचारल्याशिवाय होत नाही. बांध कुठला आधी बांधायचा, जत्रा कधी धरायची, कोणाच्या विहिरीचं पाणी कोणी भरायचं, सगळं कौलावर. बाबू गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो. भाई गाऱ्हाणं घालतात: अमुक असेल तर उजवा दे, तमुक असेल तर डावा दे. जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. मग सगळे गप्प बसतात आणि पाकळीकडे बघतात. जी आधी गळते तो देवाचा शब्द. माझ्या माहेरीही कौल होता, मी लहानपणापासून हे बघत आले आहे आणि देवाच्या शब्दाबद्दल माझ्या मनात कधी काही आलं नाही. आजही नाही.

भाई कधी आवाज चढवीत नसत. ओटीवर बसले, माझी चौकशी केली, पाणी प्यायले.

"हरी, तुझा शिक्षण फुकट गेला म्हणतत लोक. माका तसा वाटना नाय," ते म्हणाले. "तू प्रश्न विचारूक शिकलस. आमी देवाक कायव कसाव विचारतो, मगे एका कौलाचे धा जण धा अर्थ काढतत. तू गाऱ्हाणी लिवन दी. नीट, बांधेसूद. मी वाचतंय."

"माझो देवावर विश्वास नाय, भाईनू."

मी आत कानांवर हात ठेवले. भाई मात्र नुसते हसले.

"तुका उत्तर खंय देवचा आसा? तू नुसतो प्रश्न लिव."

ते गेल्यावर हरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "वैनी, तुझ्या दिराक नोकरी लागली. देवाचो कारकून."

सुरुवात चांगली झाली. खाडीच्या बांधाचं भांडण चार वर्षं चाललं होतं. हरीने गाऱ्हाणं असं लिहिलं की एका कौलात मिटलं. जत्रेच्या तारखेचं झालं. दोन भावांच्या गोठ्याचं झालं. लोक म्हणू लागले, "हरीचा गाऱ्हाणा कसा आरशासारखा." शिमग्याला देवळात भाईंच्या मागोमाग मानाचा दुसरा नारळ हरीच्या हातात दिला. पुतळ्यासारखा उभा होता नारळ घेऊन. मी त्या दिवशी देवापुढे एक वात जास्त लावली.

मग हौसाबाईचं आलं.

हौसाबाई देवळाच्या मागे राहायची. नवरा समुद्रात गेलेला, मूल नाही, माहेरचा एक भाऊ लांब शिरोड्याला. तिच्या दारात पारिजातक होता. रोज पहाटे माझ्या पूजेची फुलं ती आमच्या पायरीवर केळीच्या पानात ठेवून जायची. हाकसुद्धा मारायची नाही. भाईंना देवळाचा मंडप मागे वाढवायचा होता आणि तिचं घर आड येत होतं. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, ती हलली नाही. शेवटी पावसाच्या तोंडावर देवाला विचारायचं ठरलं.

गाऱ्हाणं हरीने लिहिलं. भाईंनी वाचलं.

"बा देवा रवळनाथा, हौसाबायन मिरग लागाच्या आदी घर मोकळा करूचा आसात तर उजवो दी. दसरो झाल्यार मोकळा करूचा आसात तर डावो दी. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. मीही म्हणाले.

आमच्याकडे रीत अशी की ज्याचा कौल असेल त्याने हात जोडून उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. त्याच्या घरच्या माणसाने बोलायचं. पाकळ्या लावल्यावर गुरव तीनदा विचारतो, "घरच्यांचा काय म्हणणा आसा?" त्या वेळी घरचा माणूस गाऱ्हाणं थांबवू शकतो, बदलून मागू शकतो. तिसऱ्या हाकेनंतर कोणाचं काही चालत नाही.

बाबू गुरवाने तीनदा विचारलं. हौसाबाईच्या घरात दुसरं माणूसच नव्हतं. ती हात जोडून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. उजवी पाकळी गळली.

घरी येऊन मी पानं वाढली. हरीने घास घेतला नाही. त्याने दोन वाट्या पुढे ओढल्या, दोन्हींत आमटी होती.

"वैनी, ह्यातली खंयची व्हयी तुका?"

"खंयचीय. दोनवांत आमटीच मा?"

"आणि तुका कढी व्हयी आसली तर?"

मी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. घर सोडायचं की नाही, हे देवाला कोणी विचारलंच नव्हतं. आधी सोडायचं की नंतर, एवढंच विचारलं होतं. पाकळी कुठलीही गळो, हौसाबाई जाणारच होती.

"ह्येका तर्कशास्त्रात उभयतोपाश म्हणतत," हरी म्हणाला. "दोनव बाजूंनी फास. परीक्षेत माका ह्या प्रश्नाक पैकीच्या पैकी गुण होते."

"अरे, पण देवाक..."

"देवान काय चुकवक नाय, वैनी. देवाक विचारला तितक्या त्यान सांगला."

हौसाबाई चार दिवसांनी गेली. एक गाठोडं आणि एक कोंबडी. जाताना आमच्या पायरीवर नेहमीसारखी फुलं ठेवली, पण त्या दिवशी थांबली. हरी ओटीवर होता. ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हरी, माका तुयां दोन वाटो ठेवलंस. मी काय म्हणूचंय नाय. तुकाय देव दोनच ठेवतलो."

आणि तरीकडे चालू लागली. फुलं मी पूजेला घेतली नाहीत. टाकवतही नव्हती. ती पानातच काळी पडली.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती: हरीने या देवळाच्या कामातून सुटावं, गावाबाहेर, खऱ्या नोकरीवर जावं. श्रावणात मी सोळा सोमवार धरले. त्याला माझं एक जोडलं. सोमवारी पहाटे उठल्यापासून तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. माझी आई म्हणायची, मागणं मोठं असेल तर देवाला आपल्या जिवातलं काहीतरी द्यावं. मला बोलायला आवडतं. म्हणून बोलणं दिलं. गावात सगळ्यांना माहीत झालं. सोमवारी तरीवरचा परशुरामसुद्धा माझ्याशी खुणांनी बोलायचा आणि त्याला फार मजा यायची.

देवाने ऐकलं. आठव्या सोमवारच्या आसपास मॅन्युएल मास्तर जाहिरात घेऊन आले. घाटावर एक नवं कॉलेज निघालं होतं, तत्त्वज्ञान शिकवायला माणूस हवा होता. हरी फोंडाघाटावरून एस.टी.ने मुलाखतीला जाऊन आला. दिवाळीनंतर पत्र आलं: नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत रुजू व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल.

हरीने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. "वैनी, पगार मेळता ह्या प्रश्न विचारूचो," म्हणाला. "खरे प्रश्न." ट्रंक खाली काढली, पुस्तकं उन्हात घातली.

दुसऱ्या दिवशी भाई आले.

"बरा झाला," ते म्हणाले. "गावाचा नाव झाला. पण हरी, तू आता दुसऱ्या नारळाचो मानकरी. मानकऱ्यान गाव सोडूचो तर देवाक विचारूक व्हया."

"आणि नाय विचारलंय तर?"

"तर जा. तुका कोण धरतलो?" भाईंनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने. "वैनी हयसर एकटीच. तिका तरीवर कोण घेतलो, तिच्या चुलीक विस्तव कोण देतलो, ता मात्र माका सांगूक येवचा नाय. गाव कोणाच्या हातात नसता."

हरी म्हणाला, "ठीक. गाऱ्हाणा मी लिवतंय."

"सवताचा गाऱ्हाणा सवता लिवचा नसता रे. मी लिवतंय. तुझ्याकडसून थोडा थोडा शिकलंय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वैनीनू, घरातला वडीलधारा माणूस तुमीच. तुमी सांगा. येत्या सोमवारी विचारूया की त्याच्या फुडल्या?"

मला वाटलं, लवकर झालं तर त्याला निघायला दिवस मिळतील. "येत्या," मी म्हणाले.

रविवारी तिन्हीसांजेला ढोल वाजला. उद्या कौल, म्हणून गावाला वर्दी गेली. हरी माझ्यापाशी चुलीसमोर येऊन बसला.

"वैनी, उद्या गाऱ्हाणा नीट आयक. भाई माका दोन वाटो ठेवतले आणि दोनव हयसरच येतल्यो. माका बोलाक मेळाचा नाय. बाबू तीनदा विचारीत. तू इतक्याच म्हण, 'जावचा की रवाचा, ता विचारा.' बस. इतक्याच. मगे देव काय तो कौल देवंदे. जावचा नाय म्हणालो तरी माका चलात. पण खरा विचारलेला आसूक व्हया."

"म्हणतंय," मी म्हणाले. हातातलं लाकूड चुलीत सरकवलं आणि तिथेच थांबले.

उद्या सोमवार होता.

येता की पुढचा, असं भाईंनी विचारलं होतं. दोन्ही सोमवारच होते. मंगळवार माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी आमटीची वाटी निवडली होती.

हरीच्याही ते लक्षात आलं. चुलीच्या उजेडात त्याचा चेहरा एकदम लहानपणीसारखा दिसला, ताप आला की दिसायचा तसा.

"एक दिवस, वैनी. एकच वाक्य."

"पंधरावो आसा रे. एकच रवलो. तुझ्याचसाठी धरलंय ता." मी म्हणाले. "मोडलंय आणि तुका काय झाला तर?"

तो उठला. "तुका पटात ता कर," म्हणाला. रागाने नाही. पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि बाहेर गेला.

सकाळी मी अंघोळ करून बेल वाहिला आणि देवाला मनातल्या मनात विचारलं, मी काय करू? दिवा शांत जळत होता. मला वाटलं, देवाला सगळं माहीत आहे. तो माझं व्रतही राखील आणि हरीलाही सोडवील. तो पाकळीच गळू देणार नाही. इतक्या वर्षांची माझी सेवा आहे, एवढं तो करील. मी त्या भरवशावर देवळात गेले.

मंडप भरला होता. हौसाबाईच्या घराच्या जागेवर नवे खांब उभे होते. हरी पाषाणासमोर हात जोडून उभा राहिला. बाबू गुरवाने पाकळ्या ओल्या करून लावल्या. भाईंनी बंडीच्या खिशातून कागद काढला. हरी ज्या वहीत लिहायचा त्याच वहीतला तो कागद होता.

"बा देवा रवळनाथा! तुझ्या लेकरान, हरिश्चंद्रान, ह्या गावात रवान तुझी सेवा बारा वर्सां करूची आसात तर उजवो दी. जल्मभर करूची आसात तर डावो दी. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हरीच्या खांद्यांत काहीतरी हललं. तो वळला नाही, वळायचं नसतं.

"घरच्यांचा काय म्हणणा आसा?" बाबू गुरव म्हणाला.

माझ्या शेजारच्या बायका डोळे मिटून बसल्या होत्या.

"घरच्यांचा काय म्हणणा आसा?"

मी उभी राहिले. कशी राहिले ते मला ठाऊक नाही. बांगड्या वाजल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"वैनीनू," भाई इतकं हळुवार म्हणाले की देवळातलं कबूतरसुद्धा उडालं नसतं, "आज सोमवार मा? तुमचा मौन. त्याच्याचसाठी धरलेला व्रत तुमी मोडू नकात. बसा. देव आसा मा बघूक."

बायकांनी भक्तीने माझा हात धरला आणि मला खाली बसवलं. एकीने माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला. मी बसले. मला कोणी दाबून धरलं नव्हतं. मी ओरडू शकत होते. पंधरा सोमवार माझ्या तोंडावर हात ठेवून बसले होते, आणि मी त्यांना बसू दिलं.

"घरच्यांचा काय म्हणणा आसा?"

देवळात इतकी शांतता होती की समईची वात तडतडलेली ऐकू आली. मी पाकळ्यांकडे बघत होते. नको गळू, नको गळू, म्हणत होते.

डावी पाकळी गळली.

तिन्हीसांजेला मी तुळशीपाशी दिवा लावला. नमस्कार केला आणि ओटीवर आले. हरी ट्रंकेवर बसला होता. दिवसभरात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द निघाला. "हरी," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. "बोल, वैनी," म्हणाला. "आता तुका मोकळीक आसा."

मी आत जाऊन चूल पेटवली. सोळावा सोमवार मी केला. उद्यापन केलं नाही.

त्याने कॉलेजला पत्र लिहून जागा सोडली. मॅन्युएल मास्तर एकदा येऊन त्याला खूप बोलले. "अरे, तू शिकलेलो! पाकळी ओली आसा तवसर चिकाटता, सुकली की पडता, इतक्याच आसा ता!" हरी म्हणाला, "सर, माका ठावक आसा. गावाक ठावक नाय. मी गेलंय तर वैनी हयसर रवतली." मास्तर गेले ते पुन्हा आले नाहीत. काही महिने हरी नुसता बसून असायचा. ट्रंकेतल्या पुस्तकांना कसर लागली. मग एक दिवस भाईंनी वही पाठवली आणि तो परत लिहू लागला.

तो आता फार चांगलं लिहितो. भाई पासष्ट साली वारले, तेव्हापासून गाऱ्हाणंही तोच घालतो. पहिला नारळ त्याचा. लांबलांबची माणसं सल्ला विचारायला येतात; परवा कोणीतरी आपल्या मुलाला घेऊन आलं होतं, "ह्येका तुमच्यासारखा शिकवचा आसा, काय घेवचा कॉलेजात?" म्हणून. हरीने त्या मुलाला जवळ बसवलं. मग म्हणाला, "कायव घी. शेवटी हयसरच येवचा आसा." सगळे हसले. तो हसला नाही. तो आवाज कधी चढवीत नाही. माझ्याशी मायेने वागतो. मला तब्येत विचारतो, औषध आणून देतो. फक्त मला काहीही विचारताना तो दोनच गोष्टी पुढे ठेवतो. भाकरी आता की मागाहून. मसुऱ्याच्या जत्रेला गाडीने की चालत. मी एक निवडते. दहा वर्षं होत आली, मी निवडत आले.

काल ह्यांचं पत्र आलं. गोदीतली नोकरी संपते आहे, आता कायमचं घरी येतो, लिहिलंय. घर ह्यांच्या नावावर आहे. पत्र वाचून मला रडू आलं, इतक्या वर्षांनी घरात रोज ह्यांचं बोलणं ऐकू येईल म्हणून. हरीने पत्र वाचलं, घडी घातली, देवाजवळच्या कोनाड्यात ठेवलं.

आज सकाळी मी भाकरी थापत होते. तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला, पूर्वी यायचा तसाच.

"वैनी, भाव येतलो तर देवाक विचारूक व्हया. खंय रवाचा, कसा रवाचा. गाऱ्हाणा मी लिवतंय." त्याचा आवाज अगदी मऊ होता. "येत्या सोमवारी ठेवूया, की त्याच्या फुडल्या?"

माझे हात पिठात थांबले. या वेळी मी घाई केली नाही. तवा तापत होता, धूर वर जात होता. मी मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मंगळवारी," मी म्हणाले.

तो दचकला. खरंच दचकला. क्षणभर मला वाटलं, तरीत हसणारा तो मुलगा आत कुठेतरी हलला. मग त्याने हळूच मान डोलावली.

"बरा," तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी, की सांजेक?"